मॅडम मेयर आणि धाकटी पेटी

इंग्लंडातल्या एका गावच्या मेयरांना मी बरीच वर्षं सजवलं, असं मराठी मंडळाच्या पिकनिकला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या बायकोकडे बघतात. सुनंदा ताटातली भजी खात शांतपणे म्हणते, "साखळी घालायचे हो हे, साखळी. नीट सांगा, नाहीतर उगाच बभ्रा व्हायचा."

तर नीट सांगतो. आमचं गाव कॉव्हेंट्रीपासून गाडीने पाऊण तासावर. नाव लिहीत नाही, कारण त्या माणसांची पोरंबाळं अजून तिथेच राहतात आणि त्यातली काही मला ख्रिसमसला कार्ड पाठवतात. कॉव्हेंट्रीच्या मोटार कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा पन्नाशी दारात उभी होती, आणि पन्नाशीतल्या फिटरला विचारतो कोण? गावच्या कौन्सिलने, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेने, विचारलं. हुद्दा मिळाला 'मेयर्स ऑफिसर'. फोनवर ते नाव ऐकून भावाने तिकडे भारतात गावभर पेढे वाटले. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, त्यातली गत! मेयरची गाडी चालवायची, दार उघडायचं, छत्री धरायची, कार्यक्रमाआधी त्यांच्या गळ्यात सोन्याची साखळी घालायची आणि कार्यक्रम संपला की काढून पेटीत ठेवायची, हे माझं काम.

इथला मेयर आपल्या महापौरासारखाच मिरवण्यापुरता, पण एकाच वर्षापुरता. काउन्सिलर मंडळी आपल्यातल्याच एकाला निवडतात. सत्ता म्हणाल तर शून्य. फीत कापा, शंभरी गाठलेल्या आजीला फुलं द्या, शाळेच्या नाटकात टाळ्या वाजवा. पण मान असा, की मेयर आत आला की अख्खा हॉल उभा राहतो. तो मान माणसाचा नाही, साखळीचा. म्हणून साखळीचे नियम कडक. पांढरे सुती हातमोजे घातल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. कौन्सिलचं काम असल्याशिवाय ती गळ्यात घालायची नाही. दुसऱ्या गावच्या हद्दीत तिथल्या मेयरला विचारल्याशिवाय पेटीतून काढायचीसुद्धा नाही. आणि काही झालं तरी ती माझ्या नजरेआड होऊ द्यायची नाही.

पेट्या दोन होत्या. थोरलीत साखळी. धाकटीत एक बिल्ला, निळ्या रेशमी फितीत ओवलेला. तो मेयरच्या जोडीदाराचा. त्या जोडीदाराला इथे कॉन्सॉर्ट म्हणतात. बहुतेक वेळा नवरा नाहीतर बायको, पण नसेल तर मुलगी, भाऊ, मैत्रीण, कुणीही चालतं. दोन्ही पेट्या बाहेर पडायच्या त्या जोडीनेच, धाकटीचं काम असो वा नसो. का, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. एक मेयर भाषण ऐकता ऐकता डुलकी घ्यायचे आणि साखळीच्या खुळखुळण्याने स्वतःच दचकून टाळ्या वाजवायचे. एकांच्या पत्नीला बिल्ल्याची निळी फीत साडेतीन दिवससुद्धा सोसली नाही, "दत्ता, ही गुलाबी करून मिळेल का?" एकांना सासूबाईंकडे चहाला साखळी घालून जायचं होतं. मी म्हटलं, "सर, सासूबाई कौन्सिलच्या डायरीत नाहीत." ते महिनाभर माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले. पण नियम म्हणजे नियम. मी त्या बाबतीत कर्मठ होतो, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान होता.

मग आल्या आयरीन फुंग.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. तोवर आजूबाजूच्या शहरांत आपल्या देशी मेयरांचं अप्रूप शिळं झालं होतं, पण चिनी मेयर म्हटल्यावर आमच्या गावाने चष्मे पुसून पाहिलं. त्याला कारण होतं. आपली माणसं या देशात आली ती एकमेकांना धरून राहिली. लंडनच्या ईलिंगला तुम्ही भर रस्त्यात मराठीत शिंकलात तरी कुणीतरी 'सत्य आहे' म्हणेल. चिनी लोकांचं तसं झालं नाही. हाँगकाँगकडच्या खेड्यांतून आलेल्या त्या पिढीने टेकअवे, म्हणजे बांधून न्यायच्या जेवणाची दुकानं, काढले, आणि टेकअवे गावात एक, फार तर दोन चालायचे. शेजारी तिसरा उघडला तर तिघांच्याही पोटावर पाय. म्हणून ती माणसं देशभर एकेकटी पांगली. अमुक वॉर्ड चिन्यांचा असं कुठे झालंच नाही, आणि मतांचा गठ्ठा नाही तिथे पुढारी यायचा कुठून? त्यातून पक्षाची माणसं मतं मागायला फिरतात संध्याकाळी सहा-सातला. नेमकी त्याच वेळी टेकअवेवाल्याला मरायला फुरसत नसते. त्यामुळे त्यांच्या दारात वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही, आणि गावाने ठरवून टाकलं की चिन्यांना राजकारणात रस नाही.

आयरीनबाई आमच्याच गावातल्या टेकअवेच्या माडीवर वाढलेल्या. शिकून मिडवाइफ झाल्या, म्हणजे सुईण. अर्ध्या वॉर्डाची बाळंतपणं त्यांच्या हातची. इलेक्शनला उभ्या राहिल्या तेव्हा बायका दारातूनच पोरांना हाक मारायच्या, "ये रे इकडे, तुला जिने बाहेर काढलं ती आलीय बघ!" आणि टेकअवेंत त्या जायच्या दुपारी दोन ते चार या वेळात. तेव्हा सगळे कोळंबी सोलत बसलेले असतात. याही सोलायला बसायच्या आणि सोलता सोलता मतदार नोंदणी कशी करायची ते सांगायच्या. निवडून आल्या. पुढे काही वर्षांनी, वय पंचेचाळिशीचं असताना, मेयर झाल्या.

मेयर बाई असली तर तिला 'मॅडम मेयर' म्हणायचं. मला सगळे मेयर नुसतं 'दत्ता' म्हणायचे, एकांना तर शेवटपर्यंत 'डेटा'च म्हणता आलं. या मात्र पहिल्या दिवसापासून 'मिस्टर दत्ता'. म्हणाल्या, "वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारली तर आई वरून येऊन कान पिळेल." त्या बोलायच्या इंग्रजीत, मी आपलं मराठीत सांगतोय. त्यांची आई काही वर्षांपूर्वी गेली होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं. घरी वडील, आणि घर म्हणजे दुकान.

मेयर व्हायच्या आधीच्या आठवड्यात म्हणाल्या, "मिस्टर दत्ता, माझ्याबरोबर दुकानात चला. बाबांनी माझा कॉन्सॉर्ट व्हावं अशी माझी इच्छा आहे. माझं ऐकत नाहीत. तुमच्या युनिफॉर्मचं ऐकतील."

गेलो. दुपारची तीनची वेळ. पुढे काउंटर, काउंटरमागे एक उंच स्टूल, त्याच्या मागच्या भिंतीत छोटी खिडकी आणि खिडकीपलीकडे किचन. अंकल फुंग पंचाहत्तरीचे, काटकुळे, पांढऱ्या एप्रनमध्ये बादलीभर बटाटे सोलत बसले होते. त्यांचं इंग्रजी दुकानापुरतं. त्यातलं सगळ्यांत आवडतं वाक्य 'टेन मिनिट'. चाऊमीन मागा, टेन मिनिट. छप्पर गळतंय सांगा, टेन मिनिट. गावातली पोरं त्यांना त्याच नावाने ओळखायची.

मी टोपी काढून म्हटलं, "अंकल, तुमची मुलगी मेयर होतेय."

"आय नो."

"तिला कॉन्सॉर्ट लागणार."

"व्हॉट जॉब?"

"जॉब कसला हो? स्टँड नेक्स्ट टू हर. शेजारी उभं राहायचं, बस्स."

त्यांचा हात थांबला. खिडकीतून पुढच्या काउंटरकडे बघत राहिले. तिथे तेव्हा कुणी नव्हतं, नुसतं स्टूल. मग म्हणाले, "नॉट मी."

मॅडम त्यांच्या भाषेत खूप काही बोलल्या. समजावलं, चिडल्या, शेवटी आवाज ओला झाला. म्हातारबुवा पुन्हा तेच. "नॉट मी." मी म्हटलं, "अंकल, निदान विचार तरी करा." त्यावर उत्तर आलं, "टेन मिनिट," आणि बटाटे पुन्हा सुरू.

गाडीत बसल्यावर मॅडम म्हणाल्या, "त्यांच्या खेड्यात शिकवण अशी, की सरकारच्या दारापासून लांब राहावं. डोकं वर काढलं की फटका बसतो. त्यांना माझी लाजच वाटत असेल."

मी म्हटलं, "आमच्याकडेही म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"मग तुमच्याकडे मेयर कोण होतं?"

"शहाणे होत नाहीत, मॅडम."

त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मी आरसा थोडा वळवून घेतला.

मेयर होण्याचा समारंभ थाटात झाला. लीड्सहून चिनी मंडळाची म्हातारी जोडपी खास बस करून आली होती. कधी न पाहिलेल्या आमच्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर उभी राहून ती एकमेकांचे फोटो काढत होती. आपल्यातली कुणी या देशात गळ्यात सोनं घालून उभी राहते, हे बघायला ती तीन तास प्रवास करून आली होती. एका आजीने मी मेयरचा कुणीतरी लागत असेन असं समजून माझे दोन्ही हात धरले आणि सोडेचना. मलाही भरून आलं. वडील तेवढे नव्हते. त्यांचं दुकान पाचला उघडणार होतं.

मॅडमनी दुसरा कॉन्सॉर्ट घेतला नाही. मैत्रिणी होत्या, लीड्सचा चुलतभाऊ तयार होता. "नको," म्हणाल्या. "जागा रिकामी राहू दे." त्यामुळे वर्षभर जिथे जाऊ तिथे मॅडमच्या शेजारची खुर्ची रिकामी. एका डिनरला एका बड्या माणसाने आपला कोट तिच्यावर टाकला. मॅडमनी तो हलकेच उचलून त्यांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "इथे कुणीतरी बसतं." तेच गृहस्थ नंतर मोठ्याने सांगायला लागले, "तुमच्या वडिलांचा करी सॉस मी चांगला ओळखतो हां!" मॅडम म्हणाल्या, "आणि मी तुमच्या नातवाला. पायाळू होता. त्याने आम्हाला फार दमवलं." टेबलावर असा हशा उठला की तो माणूस पुढे मॅडमचा भक्तच झाला.

साखळी खांद्यांवर नीट बसावी लागते, नाहीतर घसरते आणि कपडे फाडते. मॅडमच्या प्रत्येक जाकिटाच्या खांद्यांना सुनंदाने आतून टेपचे हूक शिवून दिले. त्या निमित्ताने मॅडम आमच्या घरी यायच्या, साबुदाण्याची खिचडी खायच्या. सुनंदाने सगळी हकिगत काढून घेतली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "बापाला लेकीचं कौतुक नाही असं कुठे होतं का? तुम्हीच काहीतरी वेड्यासारखं विचारलं असेल."

"मी काय विचारणार? सरळ विचारलं."

"तेच तर," म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

हिवाळ्यात चिनी नववर्षाची मेजवानी झाली. मॅडम प्रमुख पाहुण्या. दहा गावांतून माणसं आली होती, म्हातारे उठून उठून त्यांच्या नावाने पेला उंचावत होते. अंकल फुंग नव्हते, कारण त्या संध्याकाळी गावातल्या गोऱ्यांनाही चायनीजच खायचं असतं. परतताना मॅडम म्हणाल्या, "मिस्टर दत्ता, दुकानासमोर जरा थांबा." थांबलो. काचेतून दिसत होतं, पुढे एक मुलगी ऑर्डरी घेत होती आणि मागच्या खिडकीत अंकल कढईसमोर, आमच्याकडे पाठ करून.

"जा ना आत," मी म्हटलं. "साखळी तेवढी काढून देतो."

"ती काढली तर जाण्यात काय अर्थ?" त्या म्हणाल्या. "तिच्याशिवाय मी त्यांना रोज दिसते. तांदूळ धुवायला येते ती. मला काही नको हो. वर्ष संपायच्या आत एकदा, एकदाच, बाबांनी मला या साखळीत बघावं. मे महिन्यात ती दुसऱ्याच्या गळ्यात जाईल. मग जन्मात नाही."

दुकान कौन्सिलच्या डायरीत नव्हतं, मेयर आमंत्रणाशिवाय जात नाही, आणि बाप आमंत्रण देत नाही. साखळी उतरवून पेटीत ठेवली. धाकटी पेटी शेजारी होतीच. तिच्यातला बिल्ला मी दर आठवड्याला पुसत होतो, कुणी घालणार नाही हे माहीत असून. त्या दिवशी मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता.

एप्रिल आला. चिनी लोकांत या सुमाराला चिंग मिंग असतं. घरच्या माणसांच्या कबरी धुवायच्या, त्यांच्यापुढे जेवण मांडायचं, उदबत्त्या लावून तीनदा वाकायचं. आपल्या पितृपक्षाचंच भावंड. दुकान मंगळवारी बंद असे आणि त्या मंगळवारी दुपारी दोनला आमचं वृद्धांच्या एका डे सेंटरचं उद्घाटन होतं. दफनभूमी वाटेवरच. मॅडमनी संकोचत विचारलं, "बाबांना घेऊन तिथून जाता येईल?" मी म्हटलं, "वाटेवरच्या जागी थांबायला नियमाची हरकत नसते."

अंकल दुकानाबाहेर तयार होते. जुना काळा सूट, दोन्ही हातांत कॅरियर बॅगा, काखेत झाडू. मी मागचं दार उघडून धरलं. मॅडमशेजारची सीट रिकामी होती. त्यांनी ती बघितली, मान हलवली, आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसले. मॅडमचा चेहरा आरशात दिसला. सीटवरही शेजारी बसायचं नाही म्हणजे अतीच झालं, असं मला वाटलं.

दफनभूमीत बापलेकीने दगड धुतला, भांडी घासायच्या स्पंजने. गवत उपटलं. दगडावर एक छोटा फोटो होता, कामाच्या झग्यातली गोल चेहऱ्याची हसरी बाई. तिच्यापुढे अख्खी उकडलेली कोंबडी, भाजलेलं डुकराचं मांस, संत्री, चहाचे कप आणि भाताची वाटी चॉपस्टिकसकट मांडली आणि उदबत्त्या लावल्या. मी जरा लांब टोपी काढून उभा राहिलो. माझे वडील, आमचे दादा, गेले तेव्हा मी कारखान्यात लाइनवर होतो. तार मिळाली तोवर तिकडे सगळं उरकलं होतं. पितृपक्षात आम्ही मागच्या बागेत पान ठेवतो. इंग्लंडात कावळे रग्गड, पण आमचं पान दरवर्षी खार नेते. सुनंदा म्हणते, "मामंजींना इथली हवा मानवली." त्या दगडापुढचा भात बघून मला दादांची फार आठवण झाली.

दोन वाजत आले. आमच्या धंद्यात मेयर कधी उशिरा जात नाही. मी खाकरलो. "मॅडम, कार्यक्रम..."

अंकलनी उत्तर दिलं, "टेन मिनिट."

मग उठून माझ्याकडे आले. "गोल्ड. यू हॅव?"

"आहे. डिकीत."

"पुट ऑन हर."

मी मॅडमकडे बघितलं. त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "मिस्टर दत्ता, राहू दे. हे काही ऑफिशियल नाही. तुमचा नियम..."

मला सासूबाईंच्या चहाला जाणारे ते मेयर आठवले. मग वाटलं, दफनभूमी कौन्सिलची, गाडी कौन्सिलची, मेयर कौन्सिलची, मी तरी कुणाचा? डिकी उघडली. हातमोजे चढवले. दोन्ही पेट्या बाहेर काढून बाकावर ठेवल्या आणि मॅडमच्या काळ्या कोटावर साखळी घातली. सुनंदाचे हूक बरोबर बसले. अंकल जवळ आले. एक कडी जराशी तिरकी झाली होती. ती त्यांनी बोटाने सरळ केली, उघड्या बोटाने. मी ते चालवून घेतलं.

"स्मॉल बॉक्स," ते म्हणाले.

आला बाबा, आला शेवटी! धाकटी पेटी उघडली, फीत दोन्ही हातांत पसरून धरली आणि त्यांच्या गळ्यात घालायला वाकलो. ते मागे सरले.

"नॉट मी," ते म्हणाले. "आय टोल्ड यू. नॉट मी."

त्यांनी दोन्ही हात सुटाला पुसले आणि ओंजळ पुढे केली, आपण प्रसादाला करतो तशी. मी बिल्ला ओंजळीत ठेवला. तो घेऊन ते दगडाकडे गेले. फीत दगडाच्या कोपऱ्याला अडकवली, बिल्ला बरोबर फोटोच्या खाली येईल अशी. मग माझ्याकडे वळून, जेवढं इंग्रजी होतं तेवढं सगळं पणाला लावून म्हणाले, "यू सेड, स्टँड नेक्स्ट टू हर. मी, ऑल्वेज किचन. ऑल्वेज बॅक." आणि खरोखरच वळून आपली पाठ दाखवली. "हर मदर काउंटर. हर मदर स्कूल. एव्हरी टाइम, हर मदर स्टँड."

मला तेव्हा ते स्टूल आठवलं. वर्षभर आम्ही ज्याला नकार समजत होतो, तो नकार नव्हताच. माणूस सांगत होता की तुम्ही चुकीच्या माणसाला विचारताय.

मॅडम तोंडावर हात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडल्या. मला नंतर अर्थ सांगितला, "मग वर्षभर बोलला का नाहीत?" त्यावर म्हातारबुवा माझ्याच पेटीकडे बोट दाखवून इंग्रजीत म्हणाले, "यू नेव्हर ब्रिंग हियर."

मग त्यांनी मॅडमना खुणेने दगडाच्या शेजारी उभं केलं. डावीकडे नाही, उजवीकडे. जरा पुढे. हां. आणि फोटो काढणारा माणूस मागे सरतो तसे चार पावलं मागे जाऊन उभे राहिले. हातात कॅमेरा नव्हता. नुसते बघत राहिले. मायलेकी शेजारी शेजारी, एकीला साखळी, एकीला बिल्ला. मॅडम आधी रडत होत्या, मग पाठ ताठ करून, मेयर उभा राहतो तशा उभ्या राहिल्या. अंकलनी एकदाच मान हलवली, आचारी चव घेऊन हलवतो तशी. मी हातमोज्यांनीच डोळे पुसले. सुती असतात ते, चांगलं टिपतात.

उदबत्त्या विझेपर्यंत आम्ही तिथेच होतो, त्यांचा धूर फितीत भरत होता. मग अंकलनी फीत उतरवली, बिल्ला बाहीने पुसला आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिला. एक संत्रं माझ्या खिशात कोंबलं. गाडीचं मागचं दार मी उघडलं, तर या वेळी ते मुकाट मागे बसले. डे सेंटरला आम्ही उशिरा पोचलो, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच. व्यवस्थापकबाईंनी घड्याळ बघितलं. मी म्हटलं, "मॅडम मेयरच्या कॉन्सॉर्टना जरा वेळ लागला."

मे महिन्यात नवे मेयर आले. हस्तांतराच्या आदल्या दिवशी मी साखळीची कडी न् कडी घासली. बिल्लाही लखलखीत केला. फीत मात्र धुतली नाही, वाऱ्यावरही टाकली नाही. तशीच घडी घालून पेटीत ठेवली.

समारंभाला अंकल नव्हते. गुरुवार होता, दुकान होतं. मॅडमच्या गळ्यातली साखळी मी उतरवली आणि नव्या बाईंच्या गळ्यात घातली. मग धाकटी पेटी उघडून त्यांच्या नवऱ्याला बिल्ला घातला. उंचापुरा, भला माणूस. त्याने फीत नाकाशी नेली.

"दत्ता, याला वास कसला येतोय?"

"गेल्या वर्षीच्या कॉन्सॉर्टबाईंचा, सर."

"त्यांना कॉन्सॉर्ट होता? खुर्ची तर नेहमी रिकामी असायची."

मॅडम शेजारीच उभ्या होत्या, मोकळ्या गळ्याने. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"होत्या ना," मी म्हटलं. "एकदाच आल्या, पण आल्या होत्या."